अध्यापनवर्गाचे बाळशास्त्री

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीच्या वर्गांना विषयवार शिक्षक मिळावेत अशी अपेक्षा व्यक्त केली आणि शिक्षकांचे प्रशिक्षण एकलकोंड्या अध्यापक विद्यालयांतून काढून बहुशाखीय महाविद्यालयांत व विद्यापीठांत न्यावे असे ठरविले. त्यासाठी २०३० ची मुदतही घातली. ही कल्पना जणू आजच उगवली अशा थाटात तिची चर्चा चालते. परंतु मुंबई इलाख्यात विद्यापीठ स्थापन होण्यापूर्वी बारा वर्षे, म्हणजे १८४५ मध्ये, एल्फिन्स्टन संस्थेला जोडून शिक्षक घडविण्याचा वर्ग निघाला होता आणि त्याचे संचालकपद बाळशास्त्री जांभेकरांकडे सोपविले गेले होते, याचे स्मरण कोणाला होत नाही.

‘दर्पण’कार म्हणून बाळशास्त्रींचा गौरव दरसाल ६ जानेवारीला यथासांग होतो. तो उचितच आहे. तथापि १८३२ मध्ये सुरू झालेले ते पत्र १८४० मध्ये बंद पडले. शिक्षकी पेशा मात्र त्यांच्यासोबत अखेरपर्यंत राहिला.

त्यांचा जन्म देवगडजवळच्या पोंभुर्ले गावी झाला. साल १८१२ मानतात. घरी संस्कृताची बैठक पक्की झाल्यावर ते मुंबईस आले आणि बापू छत्रे यांच्या आश्रयाने नव्या विद्येला लागले. छत्रे ज्या नेटिव्ह एज्युकेशन सोसायटीचे काम पाहत, तिने १८२६ मध्ये तयार केलेले चोवीस शिक्षक जिल्ह्याजिल्ह्यांत पाठविले होते. शिक्षक जन्मतो तसा तो तयारही करावा लागतो, हे बाळशास्त्रींना असे विद्यार्थीदशेतच पाहावयास मिळाले. पुढे ते त्याच सोसायटीचे चिटणीस झाले आणि १८३४ मध्ये एल्फिन्स्टन कॉलेजात साहाय्यक प्राध्यापक. तेथे त्या पदावर बसलेले ते पहिले भारतीय. गणित आणि ज्योतिष हे त्यांचे आवडीचे प्रांत. दादाभाई नौरोजी त्यांच्याच हाताखाली शिकले.

अशा विद्वानाने मुलांसाठी व्याकरण, भूगोल, इतिहास, नीतिकथा यांची पुस्तके लिहिली. कॅल्क्युलसवर मराठीत ग्रंथ रचणारा मनुष्य बालव्याकरणातही तितकाच रमत होता. आपल्याकडे आज याच्या नेमके उलट घडते. जो विषयात पारंगत, तो शाळेकडे फिरकत नाही. आणि जो शाळेत जातो, त्याच्या विषयज्ञानाची चौकशी पात्रता परीक्षेपुरतीच होते.

त्यांच्याकडे शाळा तपासण्याचेही काम होते. गावोगावच्या शाळा पाहावयाच्या आणि मुंबईस परतून शिक्षक तयार करावयाचे, अशी ही जोडकामगिरी होती. त्या काळी पंतोजीच्या शाळेत पाढे, पावकी-निमकी आणि मोडी यांपलीकडे फारसे काही नसे. भूगोल किंवा व्याकरण शिकवावयाचे तर आधी पंतोजीलाच ते शिकणे भाग होते. म्हणजे विषय आणि अध्यापन या दोन गोष्टी एकाच छताखाली, एकाच मार्गदर्शनाखाली शिकविणे हा त्या वर्गाचा खरा अर्थ. आजच्या चार वर्षांच्या एकात्मिक पदवीचा हेतू याहून निराळा तो काय?

१८४३ मध्ये ख्रिस्ती मिशनऱ्यांकडे राहून आलेल्या श्रीपत शेषाद्री या मुलाला प्रायश्चित्त देवविण्यासाठी त्यांनी सनातन्यांचा रोष ओढवून घेतला होता. शिक्षकांचा शिक्षक कसा असावा, याचा तोही एक पाठ म्हणावयास हरकत नाही. असो.

अध्यापनवर्गाला बाळशास्त्री फार काळ लाभले नाहीत. मे १८४६ मध्ये मुंबईस त्यांचे निधन झाले. पुढे शिक्षकांच्या प्रशिक्षणाने आपला सवता सुभा मांडला. पुण्यास ट्रेनिंग कॉलेज झाले आणि मुंबईस १९०६ मध्ये सेकंडरी ट्रेनिंग कॉलेज निघाले. त्यांनी चांगले काम केले, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु विषयाचा प्राध्यापक एका इमारतीत आणि भावी शिक्षक दुसऱ्या, ही फारकत तेव्हापासून रुळली. आता विद्यापीठे या विद्यार्थ्यांना पुन्हा आपल्या आवारात घेणार आहेत. त्यांना शिकविण्यासाठी आपल्या गणित आणि इतिहास विभागांतील कोणते प्राध्यापक स्वखुशीने पुढे येतात, हे २०३० पूर्वीच दिसून येईल.