एकाच चित्रपटाचा दिग्दर्शक

चार्ल्स लॉटन हा नट म्हणून जगभर गाजला. १९३३ सालच्या आठव्या हेन्रीच्या भूमिकेसाठी त्याला ऑस्कर मिळाले, ‘म्युटिनी ऑन द बाउंटी’मधला क्रूर कप्तान आणि १९३९ सालचा नॉत्र दामचा कुबडा लोकांच्या डोळ्यांपुढून हलले नाहीत. या भूमिकांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. मला लिहावेसे वाटते ते त्याने दिग्दर्शित केलेल्या एकमेव चित्रपटाविषयी. तो १९५५ साली आला आणि साफ पडला. नाव ‘द नाइट ऑफ द हंटर’.

लॉटनचा जन्म १ जुलै १८९९ चा, इंग्लंडमधील स्कारबरो या समुद्रकाठच्या गावचा. आईवडिलांचा हॉटेलचा धंदा, हा थोरला मुलगा. तेव्हा गल्ल्यावर बसणे हे त्याच्या कपाळी लिहिलेलेच होते. जेझुइटांच्या शाळेतले शिक्षण झाले. पहिल्या महायुद्धात साधा शिपाई म्हणून गेला आणि विषारी वायूची बाधा घेऊन परतला. काही वर्षे हॉटेल सांभाळून १९२५ साली तो लंडनच्या नाट्यशाळेत दाखल झाला. स्थूल देह, जाड ओठ. आपण कुरूप आहोत हे त्याने मनाशी पक्के धरले होते आणि ते शल्य त्याच्या प्रत्येक भूमिकेत कुठे ना कुठे डोकावते. आणखीही एक गोष्ट त्याला जन्मभर झाकून ठेवावी लागली. त्याचे मन पुरुषांकडे ओढ घेई. एल्सा लँचेस्टर या नटीशी १९२९ साली झालेला त्याचा विवाह अखेरपर्यंत टिकला, आणि १९८३ साली आपल्या आत्मचरित्रात ही हकीकत एल्सानेच मोकळेपणाने सांगितली.

चाळिशीनंतर चांगल्या भूमिका कमी होत गेल्या. त्या काळात त्याने केलेले एक काम मला फार मोठे वाटते. जर्मनीतून परागंदा होऊन आलेल्या ब्रेख्तबरोबर त्याने ‘गॅलिलिओ’चा इंग्रजी अवतार सिद्ध केला. लॉटनला जर्मन येत नव्हते, ब्रेख्तचे इंग्रजी बेताचे. मग प्रत्येक प्रसंग करून दाखवायचा, हावभावांतून अर्थ पकडायचा आणि त्याला शब्द शोधायचे. भाषांतराचा याहून नाट्यमय प्रकार मला ठाऊक नाही. १९४७ साली तो प्रयोग रंगभूमीवर आला. दुसरीकडे त्याने जाहीर वाचनाचे दौरे सुरू केले. बायबल, शेक्सपिअर, डिकन्स घेऊन तो अमेरिकेतल्या गावोगावी फिरला. १९५० साली तो अमेरिकेचा नागरिक झाला. हे दौरे आखणाऱ्या पॉल ग्रेगरीनेच पुढे त्याच्या हाती डेव्हिस ग्रबची कादंबरी ठेवली.

ती कादंबरी १९५३ ची. ग्रब हा वेस्ट व्हर्जिनियातल्या माउंड्सव्हिलचा. हे राज्य १८६३ साली यादवी युद्धात व्हर्जिनियातून फुटून निघाले. जनगणनेत ते दक्षिणेत मोडते, पण ओहायो नदी ओलांडली की उत्तर. सीमेवरच्या गावांचा स्वभाव आपल्या भागातील वाचकांना समजावून सांगायला नको! माउंड्सव्हिलच्या तुरुंगात १९३२ साली हॅरी पॉवर्स नावाच्या माणसाला फाशी झाली होती. विवाहाच्या जाहिरातींतून विधवांना जाळ्यात ओढायचे आणि त्यांचा काटा काढायचा, हा त्याचा उद्योग. एकीच्या तीन मुलांनाही त्याने सोडले नाही. ग्रबने त्यावरून आपला खलनायक घडवला: काळ्या कोटातला धर्मोपदेशक, एका हाताच्या बोटांवर प्रेम आणि दुसऱ्या हाताच्या बोटांवर द्वेष असे गोंदवून घेतलेला. फाशी गेलेल्या दरोडेखोराचे दहा हजार डॉलर त्याच्या मुलीच्या बाहुलीत दडवलेले आहेत. ते मिळवण्यासाठी हा बुवा त्याच्या विधवेशी लग्न करतो, तिला मारतो आणि दोन मुलांच्या मागे लागतो. मुले होडीतून नदीने पळतात. गाव मात्र बुवाच्या प्रवचनावर भाळलेले. भोंदू बुवा आपल्याकडेही नवे नाहीत. तरी बायबल हाती धरून गावोगाव फिरलेल्या लॉटननेच हा बुवा पडद्यावर आणावा, याचे मला अजून नवल वाटते.

पैसा थोडा होता, आठ लाख डॉलरच्या आत. १९५४ साली छत्तीस दिवसांत चित्रीकरण उरकले. पटकथा जेम्स एजीची. तिचा पहिला खर्डा इतका लांबला की लॉटनला तो पुष्कळ छाटावा लागला. चित्रपट पडद्यावर येण्याआधीच एजी वारला. ग्रबने शंभरावर रेखाचित्रे काढून पाठवली, त्यांवरून लॉटनने दृश्ये बांधली. तयारी म्हणून त्याने ग्रिफिथचे मूकपट पुन्हा पाहिले आणि त्यांतल्याच लिलियन गिशला मुलांना आसरा देणाऱ्या वृद्धेची भूमिका दिली. खलनायक रॉबर्ट मिचम. क्षितिजावर घोड्यावरून जाणारी त्याची काळी आकृती प्रत्यक्षात स्टुडिओतल्या तट्टावर बसवलेल्या एका ठेंगण्या माणसाची आहे. लांबचे अंतर भासवायला तेवढे पुरले. नदीच्या तळाशी मोटारीत बसलेली, केस पाणवनस्पतींसारखे हलणारी मृत विधवा म्हणजे हौदात सोडलेला मेणाचा पुतळा. छायाचित्रकार स्टॅन्ली कॉर्टेझ. माझ्या काही विद्यार्थ्यांना हे सारे खोटे, रंगवलेल्या पडद्यासारखे वाटले. तसे ते आहेच. लहान मुलाला रात्र जशी दिसते तशी ती आहे.

प्रेक्षकांनी पाठ फिरवली. समीक्षकांपैकी बहुतेकांना हे नेमके काय आहे तेच कळेना. वितरक कंपनीचा जाहिरातीचा जोर त्या वर्षी मिचमच्याच दुसऱ्या, मोठ्या चित्रपटावर होता. ‘द नेकेड अँड द डेड’ ही नॉर्मन मेलरची कादंबरी लॉटन पुढे करणार होता. ते काम दुसऱ्याकडे गेले. अभिनय चालूच राहिला: १९५७ सालच्या ‘विटनेस फॉर द प्रॉसिक्यूशन’मधला वकील तर अप्रतिम आहे. पण दिग्दर्शकाच्या खुर्चीत तो पुन्हा बसला नाही. १५ डिसेंबर १९६२ रोजी कर्करोगाने त्याचा अंत झाला. राष्ट्रीय ठेवा म्हणून जपायच्या चित्रपटांच्या अमेरिकन यादीत हा चित्रपट १९९२ साली गेला, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर तीस वर्षांनी.

लॉटनला मुलांचा तिटकारा होता, सेटवर त्यांना मिचमनेच सांभाळून घेतले, अशी वदंता अनेक वर्षे चालत आली होती. पण एल्साने चित्रीकरणाच्या उरलेल्या फिती जपून ठेवल्या होत्या आणि त्या संग्रहालयाकडे सोपवल्या. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या संग्रहालयात त्या लावून झाल्यावर २००२ साली लोकांपुढे आल्या. दोन दृश्यांच्या मध्ये लॉटन कॅमेरा बंद करीत नसे, त्यामुळे सगळे ध्वनिमुद्रित झाले आहे. तो स्वतः दिसत नाही. आवाज येतो. समोरच्या पात्राची वाक्ये तो स्वतः म्हणतो, लहानग्याला थांबवतो, सावकाश समजावतो आणि तेच वाक्य पुन्हा एकदा म्हणायला सांगतो.