कारखान्यातील गुरू : लक्ष्मणराव किर्लोस्कर

साखळीहून केरीची वाट धरून चोर्ला घाट चढला, वरचे पठार ओलांडले, की बेळगाव शहर लागते. कापडखरेदीसाठी किंवा दवाखान्याच्या कामासाठी कारापूर परिसरातील माणसे या वाटेने जातात. त्या शहरातील एका गजबजलेल्या रस्त्याला किर्लोस्कर रोड म्हणतात. हे नाव कोणा संस्थानिकाचे किंवा इंग्रज अधिकाऱ्याचे नव्हे. सायकली विकणाऱ्या व दुरुस्त करणाऱ्या दोन बंधूंचे ते नाव आहे. त्यांतील धाकटे बंधू म्हणजे लक्ष्मणराव किर्लोस्कर. ज्यांना इतरत्र कोणी कामावर ठेविले नसते, अशांना जवळ करून त्यांच्या हाताला विद्या देणारा कारखानदार म्हणून त्यांचे चरित्र विद्यार्थ्यांनी वाचण्यासारखे आहे.

लक्ष्मण काशिनाथ किर्लोस्कर यांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातील गुर्लहोसूर या गावी झाला. वडील काशिनाथपंत हे वेदान्ताचे व्यासंगी. अशा घरातील मुलाने ग्रंथांत रमावे अशी अपेक्षा असणे स्वाभाविक होते. परंतु लक्ष्मणाचे लक्ष शाळेच्या पुस्तकांत नव्हते. ते चित्रांत आणि यंत्रांत होते. शिक्षण अर्धवट टाकून १८८५ साली तो मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत दाखल झाला. वडील बंधू रामूअण्णा यांनी पैशाची जबाबदारी घेतली नसती, तर हे घडले नसते. आपल्या चरित्रग्रंथांतून अशा पाठीराख्या भावांचा उल्लेख फार थोडक्यात आटोपला जातो, याची खंत वाटते.

दोन वर्षांनी एक विचित्र संकट उभे राहिले. लक्ष्मणरावांच्या दृष्टीत रंग ओळखण्याचा दोष आढळला. चित्रकार होऊ पाहणाऱ्यास रंगच नीट कळू नयेत, यापरते दुर्दैव कोणते? तथापि त्यांनी रंग सोडले, रेषा सोडली नाही. यंत्रांच्या आराखड्यांस रंग लागत नाहीत. तेथे हवी असते ती मापाची अचूकता. यांत्रिक आरेखनाचा अभ्यास करून ते मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तांत्रिक संस्थेत त्याच विषयाचे शिक्षक झाले. वर्गात आरेखन शिकवावे आणि उरलेला वेळ संस्थेच्या कार्यशाळेत यंत्रे पाहण्यात, उघडण्यात व पुन्हा जोडण्यात घालवावा, असा त्यांचा क्रम होता. त्यांचे खरे शिक्षण तेथे झाले. पुढे बढतीच्या वेळी आपल्याला डावलून दुसऱ्यास जागा दिली गेली, तेव्हा नोकरीचा राजीनामा देऊन ते बेळगावास परतले.

बेळगावात १८८८ पासून बंधूंचे सायकलीचे दुकान होते. सायकल ही त्या काळी अपूर्वाईची वस्तू. ती विकावयाची तर बसावयासही शिकवावे लागे! दुकानाबरोबर दुरुस्ती आली, दुरुस्तीबरोबर हत्यारे आली आणि हळूहळू लहानसा कारखाना उभा राहिला. प्रथम कडबा कापण्याचे यंत्र झाले. १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार झाला. देशावरच्या काळ्या जमिनीत हरळी व कुंदा यांची मुळे खोल जातात. लाकडी नांगर तेथवर पोचत नाही. लोखंडी नांगराने ते काम होणार होते. परंतु लोखंडाने जमीन विषारी होते, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जाण्यास सुमारे दोन वर्षे लागली. तोवर तयार नांगर कारखान्यात पडून राहिले.

नांगरास गिऱ्हाईक मिळू लागले, तोच कारखान्याची जागा सोडण्याची पाळी आली. बेळगावच्या नगरपालिकेला तेथे नवी वसाहत करावयाची होती. त्या वेळी औंध संस्थानचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीस धावले. बाळासाहेब स्वतः चित्रकार. कलावंताची पारख त्यांना होती. त्यांनी कुंडल रोड या रेल्वे स्थानकाजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचे कर्ज दिले. जमीन म्हणजे निव्वळ माळ. निवडुंग, दगडधोंडे आणि साप यांचेच तेथे राज्य होते. पाण्याचे दुर्भिक्ष तर विचारूच नये. १९१० साली सुमारे २५ कामगार आपापली कुटुंबे घेऊन या माळावर आले. तीच किर्लोस्करवाडी. इंग्लंडमध्ये साबणाच्या कारखानदाराने पोर्ट सनलाइट आणि चॉकलेटच्या कारखानदाराने बोर्नव्हिल ही कामगारांची नगरे वसविली होती. तसे काही आपल्या देशात करून पाहण्याचा हा उद्योग होता.

या माळावर शिकलेसवरलेले तंत्रज्ञ कोठून येणार? आणि आले असते तरी त्यांना पगार कोठून देणार? लक्ष्मणरावांनी जी माणसे मिळाली तीच घडविली. अनंतराव फळणीकर यांनी शाळा अर्ध्यावर सोडलेली होती; पुढे ते कारखान्याचे कल्पक अभियंते झाले. शंभुराव जांभेकर यंत्रांची बाजू सांभाळीत, मंगेशराव रेगे हिशेब व कचेरी पाहत, रामूअण्णा वाडीची आखणी व व्यवस्था बघत. या मंडळींनी मिळून एक गाव उभे केले. वाडीत अस्पृश्यता पाळावयाची नाही, असाही लक्ष्मणरावांचा दंडक होता.

तुकाराम रामोशी व पिऱ्या मांग या नावांनी ओळखल्या जाणाऱ्या दोघांची हकीकत याहून विलक्षण आहे. दोघेही गुन्ह्याबद्दल शिक्षा भोगलेले. त्या काळी सरकारी कायदा काही जमातींना जन्मतःच गुन्हेगार ठरवीत असे. १८७१ चा तो कायदा स्वतंत्र भारतात १९५२ साली रद्द झाला. शिक्षा भोगून आलेल्या माणसाला गावात कोणी दारातही उभे करीत नसे. लक्ष्मणरावांनी या दोघांना कामावर ठेविले, तेही वाडीचे रक्षक म्हणून! ज्यांच्या भीतीने लोक दारे लावून घेत, त्यांच्याच भरवशावर वाडी रात्री निश्चिंत झोपू लागली. हा दयेचा प्रकार होता असे मला वाटत नाही. या माणसांना रात्र कळते, वाटा कळतात, धोका कळतो, हे लक्ष्मणरावांनी ओळखले होते. जो गुण आडवाटेस लागला होता त्याला त्यांनी नीट वाट दिली.

हाताची विद्या म्हणजे बुद्धीची उणीव, असा एक समज आपल्याकडे आहे. तो किती खोटा आहे हे ओतकामाकडे पाहिले तरी कळेल. नांगराचा ओतीव भाग करावयाचा तर सुतार आधी त्याचा लाकडी नमुना करतो. तापलेले बीड निवताना आकसते. फुटामागे सुमारे एक अष्टमांश इंच. म्हणून नमुना तेवढा मोठा ठेवावा लागतो. मग तो ओलसर वाळूत दाबून साचा करतात. वाळू अधिक ओली झाली तर वाफ कोंडून ओतीव भागात पोकळ्या राहतात. कोरडी राहिली तर साचाच ढासळतो. वाळूचा ओलावा नेमका किती, हे मुठीत दाबून ओळखावे लागते. त्रैराशिक वहीत शिकता येईल. मुठीची ओळख मात्र जाणत्या कारागिराजवळ उभे राहूनच होते. शिकाऊ उमेदवारांचा कायदा भारतात १९६१ साली झाला आणि औद्योगिक प्रशिक्षण संस्थांची योजना १९५० साली आली. त्याच्या किती तरी आधी कुंडलच्या माळावर ही शाळा भरत होती. तेथे घंटा नव्हती, की प्रमाणपत्रही नव्हते.

आपल्या डिचोली तालुक्यास ही गोष्ट परकी वाटू नये. येथील डोंगरांत लोहखनिज आहे. कित्येक घरांची चूल त्यावर पेटत आली. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली खाणींचे काम बंद पडले, तेव्हा खनिजाचे ट्रक जागच्या जागी उभे राहिले आणि अनेक घरांत दहावी-बारावीच्या मुलांच्या पुढच्या वाटेचा प्रश्न पडला. जोडारी, वेल्डिंग, वीजजोडणी असा एखादा धंदा हाती असलेल्यास दुसऱ्या ठिकाणी काम शोधता येते. नुसत्या हजेरीवर विसंबलेल्यास ते जड जाते. डिचोलीतच सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्था आहे. परीक्षेत गुण कमी पडलेल्या मुलानेच तेथे जावे, असे जे घरोघरी बोलले जाते, त्याबद्दल पालकांनी पुन्हा विचार करावा.

१९२० साली किर्लोस्कर बंधूंच्या उद्योगाचे मर्यादित कंपनीत रूपांतर झाले. त्याच वर्षी पुतणे शंकरराव यांनी 'किर्लोस्कर खबर' हे मासिक सुरू केले. मराठी घरांत मोठ्या आवडीने वाचले गेलेले 'किर्लोस्कर' मासिक ते हेच. लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव अमेरिकेत यंत्रशास्त्र शिकून आले व त्यांनी उद्योगाचा विस्तार केला. १९४६ साली पुण्यास तेल इंजिनांचा आणि बंगळूरला विजेच्या यंत्रांचा, असे दोन उद्योग उभे राहिले.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणरावांचे निधन झाले. १९६९ साली, जन्मशताब्दीच्या दिवशी, भारत सरकारने त्यांच्या नावाचे टपाल तिकीट काढले. ज्या कुंडल रोड स्थानकावर ते २५ कामगार उतरले होते, त्या स्थानकाचे नावही पुढे बदलले; तेथे आता किर्लोस्करवाडी अशी पाटी आहे.