शहराच्या तिजोरीचा राखणदार

दरवर्षी फेब्रुवारीत पालिकेचे अंदाजपत्रक आले की बहुतेक घरांत त्यातली एकच ओळ वाचली जाते: कर वाढला की नाही? मी मात्र हे आकडे बघताना नेहमी एका माणसाचा विचार करतो. मुंबई पालिकेच्या मुख्यालयासमोर ज्यांचा पुतळा उभा आहे, ते सर फेरोजशहा मेहता. काँग्रेसचे पुढारी आणि नामांकित बॅरिस्टर म्हणून आपण त्यांना ओळखतो. पण मला ते मोठे वाटतात ते घरपट्टी भरणाऱ्या साध्या माणसाच्या पैशाला त्यांनी राखणदार मिळवून दिला म्हणून.

४ ऑगस्ट १८४५ रोजी मुंबईतल्या एका पारशी व्यापारी कुटुंबात त्यांचा जन्म झाला. एल्फिन्स्टन कॉलेजात शिकून ते विलायतेला गेले आणि १८६८ मध्ये बॅरिस्टर होऊन परतले. तेव्हा मुंबईची स्थिती काय होती? अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाला आलेला सोन्याचा भाव १८६५ मध्ये कोसळला होता आणि शेअर बाजारात भलेभले बुडाले होते. नेमक्या त्याच वर्षी आर्थर क्रॉफर्ड पालिकेचे कमिशनर झाले. माणूस धडाडीचा. त्यांनी गटारे बांधली, रस्ते सुधारले, मंडई उभारली. मात्र खर्चाला धरबंद राहिला नाही. जस्टिसेसची सभा नावाला होती, कमिशनरचा हात धरणारे कोणी नव्हते. कर्ज वाढले, कर वाढले आणि १८७१ मध्ये करदाते खवळले.

सगळ्या शहराचा रोख क्रॉफर्डवर होता. कमिशनरचे अधिकारच काढून घ्या आणि कारभार एखाद्या समितीच्या हाती द्या, अशी मागणी होत होती. अशा वेळी २६ वर्षांच्या फेरोजशहांनी फ्रामजी कावसजी इन्स्टिट्यूटमध्ये निबंध वाचला आणि प्रवाहाविरुद्ध भूमिका घेतली. क्रॉफर्डने शहराचे भले केले आहे, हे त्यांनी मान्य केले. त्यांच्या मते दोष एका माणसाचा नव्हता, व्यवस्थेचा होता. काम करायला एकच जबाबदार अधिकारी हवा. दहा जणांच्या हाती कारभार गेला तर चुकीचा जाब कोणाला विचारायचा? पण त्या अधिकाऱ्याने किती आणि कशावर खर्च करायचा, हे करदात्यांनी निवडलेल्या सभेने ठरवले पाहिजे. घरात सुद्धा बाजारहाट एकाने करावा, पण हिशेब सगळ्यांपुढे मांडावा, तसेच हे.

१८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची महापालिका आली. त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले होते. मतदानाचा हक्क वर्षाला किमान ५० रुपये कर भरणाऱ्यांनाच होता, म्हणजे गरिबाला त्यात जागा नव्हती. तरीही निवडणुकीचे दार किलकिले झाले. पुढे सरकारला कमिशनरचे हात पुन्हा बळकट करायचे होते, तेव्हा फेरोजशहा आणि काशिनाथ त्रिंबक तेलंग यांनी विधिमंडळात मसुद्याचा कीस पाडला. त्यातून १८८८ चा कायदा घडला. कमिशनरने अंदाजपत्रक तयार करावे, स्थायी समितीने ते तपासावे, सभेने मंजूर करावे आणि मंजुरीवाचून खर्च होऊ नये, ही शिस्त त्यात आली. अनेक दुरुस्त्यांनंतरही मुंबईचा कारभार त्याच कायद्याने चालतो.

फेरोजशहा चार वेळा पालिकेचे अध्यक्ष झाले. शहराच्या पोलिसांचा खर्च पालिकेवर का, हा वाद वर्षानुवर्षे चालला होता. १९०७ मध्ये पोलिसांचा खर्च सरकारने घेतला आणि प्राथमिक शिक्षणाचा भार पालिकेकडे आला. करदात्याचा पैसा त्याच्याच मुलांच्या शाळेकडे वळला.

त्याच वर्षी त्यांना पाडण्याचा डाव रचला गेला. पुढाकार होता अकाउंटंट जनरल हॅरिसन यांचा, म्हणजे खुद्द सरकारच्या हिशेबप्रमुखाचा! जस्टिसेसच्या गटातून १६ जण निवडायचे होते आणि फेरोजशहा सतरावे आले. मात्र निवडून आलेल्या एकाची निवड टिकली नाही आणि ते सभागृहात परतले.

त्यांच्यात दोष नव्हते असे नाही. स्वभाव हुकमी होता, विरोध त्यांना फारसा खपत नसे. ५ नोव्हेंबर १९१५ रोजी ते गेले, तेव्हा पालिकेशी त्यांचे नाते चार दशकांहून जुने होते.

मुंबई पालिकेचे २०२५-२६ चे अंदाजपत्रक ७४ हजार कोटी रुपयांच्या वर गेले. मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली होती, त्यामुळे २०२३, २०२४ आणि २०२५ ही तीन वर्षे प्रशासनानेच अंदाजपत्रक मांडले आणि प्रशासकानेच ते मंजूर केले. त्यात कोणाची लबाडी होती असे मी म्हणत नाही. पण १८७१ चा प्रश्न तोच होता. खर्च करणारा आणि खर्चाला मंजुरी देणारा एकच असला, तर माणूस कितीही कर्तबगार असो, त्याला विचारणार कोण? आपल्या गावाच्या नगरपालिकेचे अंदाजपत्रक छापून येईल, तेव्हा कराच्या ओळीवर थांबू नका. पुढचे पानही उलटा.