पंगतीचा शोध : रेव्हरंड नारायण वामन टिळक

मराठी शाळेत शिकलेल्या माणसाची रेव्हरंड टिळकांशी पहिली ओळख बहुधा पाठ्यपुस्तकात होते. फुलामुलांचे कवी म्हणून त्यांचे नाव तोंडी बसते आणि घायाळ होऊनही पिलांकडे झेपावणाऱ्या पक्षिणीची त्यांची कविता म्हणताना वर्गातल्या एखाद्या तरी मुलाचा आवाज कातर होतो. नावामागच्या ‘रेव्हरंड’ या उपाधीकडे मात्र फारसे कोणाचे लक्ष जात नाही. त्या उपाधीपायी या कवीने घर, आप्त आणि जात एका दिवसात गमावली. जे गमावले त्याच्या जागी माणसांची नवी पंगत उभारण्यात त्यांचे उरलेले आयुष्य गेले.

नारायण वामन टिळक यांचा जन्म 6 डिसेंबर 1861 रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे एका चित्पावन ब्राह्मण कुटुंबात झाला. कवित्व आणि भक्तीची ओढ त्यांना आईकडून लाभली, परंतु मातृछत्र लहानपणीच हरपले. पुढे नाशिकला गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांनी संस्कृतचे अध्ययन केले. इंग्रजी शाळेतले शिक्षण अपुरेच राहिले. 1880 साली नाशिकजवळच्या जलालपूरच्या गोखल्यांची मुलगी मनकर्णिका त्यांच्या घरात लक्ष्मी होऊन आली. टिळकांची वृत्ती मुळातच भ्रमंतीची होती. कोठे शिक्षक, कोठे कीर्तनकार, कोठे पुराणिक, अशी त्यांची गावे आणि कामे बदलत राहिली. हातात आलेला पैसा समोरच्या गरजूला देऊन रिकाम्या हाताने घरी येण्याची सवय त्यांना तेव्हापासूनची. तिचे कौतुक चरित्रकारांनी पुष्कळ केले. चूल पेटवण्याची जबाबदारी असलेल्या लक्ष्मीबाईंना ते कौतुक किती परवडले असेल, हा प्रश्न वेगळा.

या भटकंतीत ते नागपूरला आले आणि आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने संस्कृत ग्रंथांच्या कामात रमले. याच सुमारास त्यांच्या मनात एक विचार घोळू लागला होता. हा देश वर यावयाचा असेल तर जातिभेद मोडला पाहिजे, आणि जातिभेद मोडावयाचा असेल तर माणसामाणसांत बंधुभाव निर्माण करणारा धर्म पाहिजे, अशी त्यांची खात्री झाली होती. असा धर्म आपणच स्थापन करावा, इथपर्यंत त्यांची कल्पना धावली होती. आध्यात्मिक मुक्तीपेक्षाही माणसांना एकत्र बांधणारा धागा ते शोधत होते, हे ध्यानात घेतले म्हणजे पुढच्या घटनांचा अर्थ अधिक नीट लागतो.

1893 साली ते नागपूरहून राजनांदगाव संस्थानाकडे रेल्वेने चालले होते. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होते. बोलणे संस्कृत काव्यावरून निघाले आणि धर्मावर येऊन ठेपले. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थांनी नव्या कराराची एक प्रत टिळकांच्या हाती ठेवली आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीत केले. टिळकांना ते धाडस विचित्र वाटले, परंतु पुस्तक वाचण्याचा शब्द त्यांनी दिला होता आणि तो पाळला. डोंगरावरील प्रवचनापाशी ते पोहोचले आणि तेथून पुढे वाचन थांबवणे त्यांना जमेना. ज्या बंधुभावाचा धर्म आपण रचावयास निघालो होतो, तो येथे आधीच जगून दाखवलेला आहे, असे त्यांना दिसले. टोपणनावाने त्यांनी ख्रिस्ती वृत्तपत्राशी लेखनाचा संबंध जोडला आणि त्यातून मुंबईच्या अमेरिकन मिशनमधील लोकांशी पत्रव्यवहार सुरू झाला.

मनातल्या मनात ख्रिस्ताला गुरू मानून ब्राह्मण म्हणूनच राहणे त्यांना अशक्य नव्हते. त्या काळातील अनेक सुशिक्षितांनी तोच मार्ग पत्करला होता. त्यात संसार सुखरूप राहिला असता. परंतु ज्या श्रद्धेचा सगळा आशयच सहभागितेचा आहे, ती एकट्याने कोपऱ्यात बसून कशी आचरावी? पहिल्या शतकातील यरुशलेमेची मंडळी घरोघरी एकत्र भाकर मोडीत होती आणि आपली मालमत्ता समाईक मानीत होती, असे ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकात वर्णन आहे. बाप्तिस्मा हा त्या पंगतीचा दरवाजा. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत टिळक त्या दरवाजातून आत गेले. बाप्तिस्मा भारतीय पाळकाच्याच हातून घ्यावयाचा असा त्यांचा आग्रह होता आणि रेव्हरंड तुकाराम नथोजी यांनी तो दिला. नाव बदलण्याची त्यांना गरज वाटली नाही. नारायण वामन हे नारायण वामनच राहिले.

मागे राहिलेल्यांवर आकाश कोसळले. लक्ष्मीबाई लहानग्या दत्तूला घेऊन माहेरच्या माणसांच्या आश्रयाला गेल्या. नवरा जिवंत असूनही घरी नाही, आणि परका झालेला असूनही मनातून जात नाही, अशा अवस्थेत नाशिक-पंढरपुरात त्यांचे दिवस गेले. सोवळ्याओवळ्याच्या त्या जगात टिळकांना घरातले पाणी देणेही अवघड होऊन बसले. शाळेचा उंबरठाही न पाहिलेल्या लक्ष्मीबाईंच्या तोंडून पहिली कविता बाहेर पडली ती याच दुःखात. टिळकही पत्रांतून आणि कवितांतून त्यांना आळवीत राहिले. मात्र धर्म बदलण्याची जबरदस्ती त्यांनी केली नाही. शोधलेल्या नव्या पंगतीत सर्वांत जवळचे माणूस नाही, ही खंत त्यांना वर्षानुवर्षे जाळीत राहिली.

महाराष्ट्रातील जुन्या समाजात ‘आपला’ कोण हे रोटी आणि बेटी ठरवीत असत. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या हातचे खाऊ नये, या प्रश्नात सारी समाजरचना सामावलेली होती. ख्रिस्ती उपासनेच्या केंद्रस्थानीही भोजनच आहे. प्रभुभोजनात एकच भाकर मोडून सर्वांना वाटतात. अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर परिसरात अमेरिकन मराठी मिशनने 1831 पासून काम केले होते आणि तेथील मंडळीत मोठा भरणा महार व मांग समाजांतून आलेल्या लोकांचा होता. चित्पावन टिळकांनी त्यांच्या शेजारी बसून भाकर घेतली, याचे महत्त्व आज पुस्तक वाचून कळणार नाही. त्या काळी ते कळावयाला कोणाला पुस्तक लागत नव्हते.

काही वर्षांनी लक्ष्मीबाई टिळकांकडे परतल्या खऱ्या, परंतु आपले सोवळे घेऊनच. नवरा ख्रिस्ती, बायको ब्राह्मण. स्वयंपाक वेगळा, पाणी वेगळे. टिळकांनी त्यांची ही व्यवस्था सांभाळली. आजूबाजूला दुष्काळाने पोरकी झालेली मुले होती, आजारी माणसे होती, रात्री-अपरात्री येणारे पाहुणे होते. त्यांना जेवू घालताना, त्यांचे दुखणे काढताना चुलीभोवतीची रेघ हळूहळू पुसट होत गेली. जात ही देवाने केलेली नव्हे, या निष्कर्षाला लक्ष्मीबाई स्वतःच्या बुद्धीने आल्या आणि दुसऱ्याच्या हातचे पाणी प्याल्या. 1900 साली त्यांनीही बाप्तिस्मा घेतला. धर्मशास्त्रावरच्या वादविवादाने जे झाले नसते ते एका स्वयंपाकघरात झाले, असे म्हणण्यास हरकत नाही.

टिळकांचे घर म्हणजे एक धर्मशाळाच होती. अनाथ मुले, नवख्रिस्ती, होतकरू लेखक अशी माणसांची वर्दळ तेथे अखंड असे. जळगावच्या 1907 च्या कविसंमेलनात ‘बालकवी’ म्हणून गौरवलेले त्र्यंबक बापूजी ठोमरे टिळक दांपत्याच्या घरी मुलासारखे राहिले. ते ख्रिस्ती नव्हते आणि पुढेही झाले नाहीत. त्यामुळे त्यांच्या ताटात काही फरक पडला नाही.

अहमदनगरच्या ख्रिस्ती धर्मशिक्षणाच्या विद्यालयात टिळक शिकवीत आणि पुढे ‘ज्ञानोदय’च्या मराठी विभागाचे संपादनही त्यांच्याकडे आले. मंडळीतल्या उपासनेत त्यांना एक गोष्ट खुपत होती. खेड्यापाड्यांतून आलेली माणसे परकी चाल आणि भाषांतरित गीत यांत अवघडून जात. शब्द देवाचे असले तरी गळा आपला वाटत नसे. टिळक तुकोबा-ज्ञानोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आलेले होते आणि ते ऋण ते मोकळेपणाने मान्य करीत. त्यांनी अभंग, ओवी, पद, भजन या रूपांत शेकडो गीते रचली. ख्रिस्ती कीर्तनाची प्रथा नगर भागात त्यांच्या आधीपासून होती, तिला त्यांनी आपल्या वाणीचे बळ दिले. भजनाची एक सोय अशी की, पहिली ओळ एकाने म्हणावी आणि बाकीच्यांनी धरावी. अक्षरओळख नसलेली म्हातारीही दोन आवर्तनांत सामील होते. पुस्तक हातात धरून गाणाऱ्या मंडळीत वाचता येणारे आणि न येणारे असे दोन तट आपोआप पडतात. टाळ-मृदंगाच्या साथीने म्हटलेल्या ध्रुवपदात ते पडत नाहीत. मराठी ख्रिस्ती मंडळ्या आजही उपासनेत टिळकांची गीते गातात, त्यामागे काव्यगुणांइतकेच हेही कारण असावे.

तरीही टिळकांचे समाधान झाले नाही. मिशनची मंडळी ही एक पंगत खरी, पण तिलाही भिंती होत्या. परदेशी मिशनरी आणि भारतीय कामकरी यांच्यातील अंतर, पगाराने बांधलेली सेवा, आवाराच्या आत राहून देशबांधवांपासून तुटलेले ख्रिस्ती जीवन, हे सारे त्यांना सलत होते. ख्रिस्ती झाल्याने आपण देशाचे कमी झालो असे त्यांना कधीच वाटले नाही. उलट ख्रिस्तभक्ती आणि देशभक्ती त्यांच्या काव्यात एका सुरात येतात. मिशनमध्ये त्यांना जिवाभावाचे मित्र होते आणि त्यांच्याविषयी कृतज्ञताही होती. म्हणूनच मतभेद बोलून दाखवणे त्यांना सोपे गेले नसेल. सोपे नसतानाही ते बोलले, हा त्यांचा स्वभाव.

1917 साली त्यांनी मिशनची नोकरी सोडून संन्यस्त वृत्तीने राहण्याचा निश्चय केला आणि साताऱ्याला मुक्काम हलवला. वय पंचावन्नच्या पुढे, प्रकृती ढासळलेली, मिळकत ठरलेली नाही. अशा स्थितीत त्यांनी ‘देवाचा दरबार’ स्थापन केला. ख्रिस्ताला गुरू मानणाऱ्या सर्वांचा हा बंधुसंघ होता, मग त्यांचा बाप्तिस्मा झालेला असो वा नसो. बावीस वर्षांपूर्वी बाप्तिस्म्यासाठी सर्वस्व पणाला लावलेल्या माणसाने बाप्तिस्मा न घेतलेल्यांसाठीही दार उघडावे, याचे अनेकांना आश्चर्य वाटले. काहींना ती तत्त्वाशी तडजोड वाटली. ती शंका अगदीच निराधार होती असेही नाही, कारण दार फार रुंद झाले म्हणजे आत आणि बाहेर यांत फरक काय उरतो, हा प्रश्न कोणत्याही मंडळीपुढे उभा राहतोच. टिळकांच्या डोळ्यांसमोर मात्र ते असंख्य लोक असावेत, ज्यांना ख्रिस्त हवा होता पण घर मोडावयाचे नव्हते. घर मोडणे म्हणजे काय असते हे त्यांना ठाऊक होते.

दरबाराला आकार येण्याइतकी सवड त्यांना मिळाली नाही. 9 मे 1919 रोजी मुंबईत त्यांचे निधन झाले. संस्थेची घडी बसवण्याची कला त्यांच्या अंगी नव्हती, हेही खरे. माणसे त्यांच्याभोवती जमत ती त्यांच्यासाठी, नियमांसाठी नव्हेत. परंतु टिळकांवर लोभ असलेले आणि पुढे त्यांचे चरित्र लिहिणारे इंग्रज धर्मसेवक जॅक विन्स्लो यांनी 1922 साली ‘ख्रिस्त सेवा संघ’ सुरू केला. भारतीय आणि युरोपीय यांनी एका आश्रमात, एका पंगतीला, भारतीय रीतीने राहावे, ही त्या संघाची धारणा होती. पुढे आदिवासींमध्ये आयुष्य घालवलेले व्हेरियर एल्विन भारतात प्रथम आले ते याच संघात.

टिळकांच्या पश्चात त्यांच्या कागदांत ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य अपुरे राहिलेले होते. ख्रिस्ताचे चरित्र मराठी ओवीत गाण्याचा त्यांचा संकल्प आरंभीच्या काही अध्यायांवर थांबला होता. लक्ष्मीबाईंनी लेखणी हाती घेतली. एकेकाळी टिळकांच्या पुस्तकाचे पान उलटण्याचीही ज्यांना धास्ती होती, त्या आपल्या ‘स्मृतिचित्रे’ या आत्मकथनाबरोबरच हे काव्यही लिहीत राहिल्या आणि त्यांनी अध्यायामागून अध्याय रचले. 1936 साली त्याही गेल्या. शेवटचा अध्याय मग त्यांच्या मुलाने, देवदत्त नारायण टिळकांनी, म्हणजे पंढरपूरच्या दिवसांत आईचा पदर धरून असलेल्या दत्तूने, लिहून पुरा केला.