रघुनाथ कृष्ण जोशी

रघुनाथ कृष्ण जोशी ऊर्फ र. कृ. जोशी (इ.स. १९३६ – ५ फेब्रुवारी, इ.स. २००८) हे मराठी सुलेखनकार, अक्षररचनाकार, कवी आणि अध्यापक होते. विंडोज प्रणालीतील मंगल हा देवनागरी फॉन्ट त्यांच्या मार्गदर्शनाखाली तयार झाला. भारतीय लिप्या संगणकावर उमटवताना फॉन्टने काय करावे आणि प्रणालीने काय करावे, याची वाटणी ठरल्यावर ती प्रत्यक्ष अक्षरांत उतरवणाऱ्या आरंभीच्या अक्षरकारांत त्यांची गणना होते.

कारकीर्द

जोशी यांनी मुंबईतील उल्का या जाहिरातसंस्थेत कलादिग्दर्शक म्हणून काम केले. इ.स. १९८३ ते १९९६ या काळात ते आयआयटी मुंबईच्या औद्योगिक अभिकल्प केंद्रात प्राध्यापक होते. अक्षरांच्या मांडणीतूनच अर्थ प्रकट करणाऱ्या मराठी दृश्यकविता त्यांनी लिहिल्या. सर्व भारतीय भाषांसाठी देशनागरी ही समान लिपीही त्यांनी रचली. निवृत्तीनंतर ते मुंबईच्या राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्रात (एनसीएसटी, पुढे सी-डॅकमध्ये विलीन) अभिकल्पतज्ज्ञ म्हणून रुजू झाले.

फॉन्ट आणि प्रणाली यांतील करार

त्यापूर्वीच्या बहुतेक मराठी फॉन्टांत अक्षराचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत आणि प्रत्येक उत्पादकाची मांडणी निराळी असे. त्यामुळे जयसिंगपूरच्या एखाद्या मुद्रणालयात जुळवलेला मजकूर तोच फॉन्ट नसलेल्या कोल्हापुरातील संगणकावर उघडला, तर पडद्यावर निरर्थक चिन्हे दिसत. मजकूर आणि त्याचे चित्र यांत भेदच राखलेला नव्हता; फॉन्ट गेला की मजकूरही गेला.

युनिकोडने हा भेद केला. क या वर्णाला ०९१५ आणि ष ला ०९३७ हा संकेतांक मिळाला. क्ष या जोडाक्षराला मात्र स्वतंत्र संकेतांक नाही. क, हलन्तचिन्ह आणि ष असे तीन संकेत ओळीने साठवले जातात, त्यांचे एक चित्र करणे हे पुढचे काम. ते ओपनटाइप या मानकाने दोघांत वाटून दिले. प्रणालीतील अक्षरजुळणी करणारा घटक मजकुराची अक्षरे पाडतो, उच्चारक्रमाने नंतर साठवलेली ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी आणतो आणि धर्म या शब्दातील रफार म वर नेण्याची व्यवस्था करतो. अर्धी अक्षरे, रफार, जोडाक्षरे यांची चित्रे आणि ती केव्हा वापरायची याचे तक्ते फॉन्टने ठरलेल्या नावांनी पुरवायचे असतात. एकाने दुसऱ्याच्या अंतर्रचनेत डोकावण्याचे कारण उरत नाही. मात्र तक्त्याचे नाव चुकले किंवा रूप राहून गेले, तर जोडाक्षर फुटून हलन्तासह दिसते. करारभंग वाचकाच्या डोळ्यांसमोरच होतो.

हा करार जोशी यांनी लिहिलेला नाही. देवनागरीसाठी तो पाळून दाखवणारा, कोट्यवधी संगणकांवर पोहोचलेला फॉन्ट मात्र त्यांच्या गटाने दिला. मंगल आणि तमिळ लिपीचा लता हे फॉन्ट विंडोज २००० बरोबर आले. त्यानंतर गुजरातीचा श्रुती, कन्नडचा तुंगा, तेलुगूचा गौतमी आणि गुरुमुखीचा रावी हे फॉन्ट विंडोज एक्सपीत समाविष्ट झाले.

सुलेखनकार जोशी यांची प्रतिभा पाहण्यासाठी मंगल हे योग्य ठिकाण नव्हे. पडद्यावर लहान आकारात वाचता यावा, हाच त्याचा हेतू होता, आणि बोरूच्या फटकाऱ्याला तेथे वाव नव्हता.

विंडोज व्हिस्टाच्या वेळी कराराची दुसरी आवृत्ती आली. अक्षराखाली लागणाऱ्या रूपांच्या तक्त्यांत हलन्तचिन्ह व्यंजनानंतर न धरता आधी धरायचे, असे ठरले. नुसते नियम बदलले असते, तर जुने सर्व फॉन्ट बिघडले असते. म्हणून नव्या आवृत्तीला वेगळी लिपिखूण दिली गेली. फॉन्टमध्ये जी खूण असेल, त्या आवृत्तीच्या नियमांनी प्रणाली त्याच्याशी वागते. त्यामुळे पूर्वीच्या खुणेचे फॉन्टही चालू राहिले. विंडोज ८ मध्ये निर्मला यूआय हा फॉन्ट आला, तरी मंगलमध्ये टंकलेला मजकूर त्यात तसाच वाचता येतो.

अखेरचा काळ

वैदिक स्वरचिन्हांना युनिकोडमध्ये स्थान मिळावे, यासाठी जोशी अखेरच्या वर्षांत कार्यरत होते. ५ फेब्रुवारी, इ.स. २००८ रोजी अमेरिकेतील सॅन फ्रान्सिस्को येथे त्यांचे निधन झाले. वैदिक चिन्हांचा स्वतंत्र विभाग इ.स. २००९ मध्ये युनिकोडच्या ५.२ या आवृत्तीत समाविष्ट झाला.