तेनझिंग नोर्गे : ओझे वाहणारा शिखरवीर

एव्हरेस्ट सर करणाऱ्या पहिल्या दोघांपैकी एक, तेनझिंग नोर्गे, त्या पर्वतावर प्रथम गेले ते हमाल म्हणून. साल होते १९३५, मोहीम ब्रिटिशांची. तंबू, दोर, अन्न, इंधन वर पोहोचवायचे शेर्पांनी आणि नाव व्हायचे साहेबांचे. १९३८ च्या मोहिमेत त्यांनी ८,२०० मीटरहून उंच ओझे नेले. त्याबद्दल ‘टायगर’ पदक मिळाले. १९५२ मध्ये स्विस मोहिमेने मात्र त्यांना शेर्पांचे सरदार तर नेमलेच, शिवाय बरोबरीचे गिर्यारोहकही मानले.

२९ मे १९५३ रोजी हिलरींसह शिखरावर पोहोचल्यावर त्यांनी बौद्ध श्रद्धेने बर्फात खाऊ अर्पण केला. पुढे ब्रिटनने हिलरी आणि मोहीमप्रमुख हंट यांना ‘सर’ किताब दिला, तेनझिंग यांना फक्त जॉर्ज पदक. भारताने १९५९ मध्ये पद्मभूषण देऊन गौरवले. दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेत त्यांनी नव्या पिढ्या घडवल्या. ९ मे १९८६ रोजी त्यांचे निधन झाले.

त्या मोहिमेचे सामान ३५० हून अधिक हमालांनी वाहिले होते. त्यांची नावे किती जणांना ठाऊक आहेत? तेनझिंग यांना अभिवादन करताना त्या पाठींचेही स्मरण ठेवू या.