शाहीर अमर शेख

अमर शेख (२० ऑक्टोबर १९१६ – २९ ऑगस्ट १९६९) हे मराठी शाहीर, गायक, गीतकार व कवी होते. त्यांचे मूळ नाव मेहबूब हुसेन पटेल.

पूर्वजीवन

त्यांचा जन्म सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथे एका गरीब मुसलमान कुटुंबात झाला. आई मुनेरबी यांच्याकडून त्यांना लोकगीतांचा वारसा मिळाला. उदरनिर्वाहासाठी त्यांनी पाणक्या, मोटारीवरील क्लीनर व गिरणी कामगार म्हणून कामे केली. कामगारांच्या संपात पुढाकार घेतल्यामुळे त्यांना विसापूरच्या तुरुंगात जावे लागले. तेथेच ते साम्यवादी विचारांकडे वळले. पुढे काही काळ ते कोल्हापुरात मास्टर विनायक यांच्या चित्रपटसंस्थेत होते. अमर शेख हे नाव त्यांना याच काळात मिळाले.

शाहिरी

१९४४ च्या सुमारास अण्णा भाऊ साठे व द. ना. गव्हाणकर यांच्यासह त्यांनी लाल बावटा कलापथक उभारले. पोवाडा, लावणी, गण, वग हे खेड्यापाड्यांतील प्रेक्षकांच्या परिचयाचे प्रकार होते. त्यांतून या तिघांनी शेतकरी व कामगारांची दुःखे मांडली. अमर शेख यांचा आवाज पहाडी होता आणि डफाच्या साथीने ते हजारोंचा समुदाय खिळवून ठेवीत. संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीत अण्णा भाऊंची 'माझी मैना' ही छक्कड त्यांच्या गायनामुळे घरोघरी पोहोचली. गोवामुक्तीच्या लढ्यासाठीही त्यांनी शाहिरी केली. १९६२ मध्ये चीनने आक्रमण केले, तेव्हा साम्यवादी पक्षात मतभेद माजले होते. अशा वेळी अमर शेख देशरक्षणाच्या बाजूने उभे राहिले व त्यांनी गाण्यांतून लोकजागृती केली.

साहित्य व चित्रपट

'अमरगीत' (१९५१) हा गीतसंग्रह, 'कलश' (१९५८) व 'धरतीमाता' (१९६३) हे काव्यसंग्रह आणि 'पहिला बळी' हे नाटक ही त्यांची ग्रंथसंपदा होय. 'महात्मा फुले' व 'प्रपंच' या चित्रपटांत त्यांनी भूमिका केल्या. आचार्य अत्रे यांनी त्यांची तुलना रशियन कवी मायकोव्हस्की याच्याशी केली होती.

निधन

१९६९ मध्ये त्यांचे अपघाती निधन झाले. अण्णा भाऊ साठे त्याच्या सुमारे दीड महिना आधी निवर्तले होते. एकाच पावसाळ्यात या दोघांच्या जाण्याने कामगारांच्या शाहिरीचे एक पर्व संपले. कवयित्री मल्लिका अमर शेख या त्यांच्या कन्या होत.